नवा कॉम्प्रेसर चार महिन्यांत जातो तेव्हा

अमरावतीच्या एका भाऊंनी विचारलंय: "माझी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८२ हजार किलोमीटर चाललेली. मार्चमध्ये एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला, बेल्टातून धूर निघाला. नवा कॉम्प्रेसर टाकला, गॅस भरला. जुलैत पुन्हा खरखर सुरू झाली. आता फिटर म्हणतो, हाही गेला, दुसरा टाका. कंपनीचा घेऊ की रिपेअर केलेला? आणि नवा कॉम्प्रेसर चारच महिन्यांत कसा जातो?"

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. त्याचं उत्तर सापडल्याशिवाय तुम्ही कुठलाही कॉम्प्रेसर घेतलात तरी पैसे पाण्यात जातील.

मी अकोल्यात सव्वीस वर्षं फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या पुढे जातो आणि तेव्हा गॅरेजच्या दारात जाम झालेल्या कॉम्प्रेसरांची रांग लागते. इतक्या वर्षांत मी खोललेल्या कॉम्प्रेसरांपैकी आपल्या मौतीनं मेलेले फार थोडे. बाकीच्यांना दुसऱ्या कुठल्या तरी भागानं मारलेलं असतं, आणि तो भाग गाडीत तसाच राहतो. नवा कॉम्प्रेसर त्याच्याच शेजारी नेऊन बसवला की त्याचीही तीच गत होते.

हे समजायला तेलाचा हिशेब कळला पाहिजे. इंजिनाखाली चेंबर असतो, त्यात तीन-चार लिटर तेल असतं, पंप ते वर फेकतो. एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, म्हणजे कॉम्प्रेसरला, तसलं काही नाही. पूर्ण सिस्टिममध्ये मिळून शंभर-सव्वाशे मिली तेल, म्हणजे चहाचा एक कप. तेही एका जागी बसून राहत नाही. गॅसबरोबर निघतं, गॅस गार करणाऱ्या पुढच्या कंडेन्सरमधून ओल शोषणाऱ्या ड्रायरमध्ये, तिथून गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून केबिनची हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्ये आणि फिरून परत कॉम्प्रेसरमध्ये येतं. गॅस पुरेसा असेल तर हा फेरा चालू राहतो. गॅस कमी झाला की तेल कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून बसतं आणि कॉम्प्रेसरच्या पिस्टनला कोरडं घासावं लागतं. शिवाय कॉइलमधून परतणारा गार गॅसच कॉम्प्रेसरचं अंग थंड ठेवत असतो. तो कमी पडला की आतली उष्णता वाढते आणि उरलंसुरलं तेलही पातळ होतं. कॉम्प्रेसर एका दिवसात जाम होत नाही, महिनोन्‌महिने उपाशी राहून होतो.

म्हणून कुणी मला सांगितलं की "आम्ही दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतो", की माझ्या पोटात गोळा येतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. रबरी पाइपातून थोडाफार झिरपतो हे खरं, पण धड गाडीला पाच-सहा वर्षं हात लावावा लागत नाही. दर वर्षी भरावा लागतोय याचा अर्थ गळती आहे, आणि जिथून गॅस जातो तिथून तेलही जातं. वरून भरलेल्या गॅसनं थंडावा परत येतो, गेलेलं तेल परत येत नाही. तीन उन्हाळे असे काढले की चौथ्याला कॉम्प्रेसर पुढ्यात येतो. तुमच्या गाडीत मार्चच्या आधी किती वेळा गॅस भरला होता, ते जुन्या बिलांतून काढा.

गळती शोधायला फार मोठं शास्त्र लागत नाही, वेळ लागतो. तेल बाहेर येतं तिथे धूळ चिकटते आणि काळा तेलकट डाग तयार होतो. पाइपांचे सांधे, कंडेन्सरच्या कडा, कॉम्प्रेसरच्या पुलीमागचा भाग, असं बॅटरी धरून बोटं फिरवत बघायचं. कंडेन्सर बंपरच्या मागेच असतो, हायवेवर उडालेली खडी त्यालाच लागते. पुलीच्या मागे तेलाचं गोल कडं दिसलं तर फिरत्या दांड्याभोवतीची गळती अडवणारं शाफ्ट सील गेलं असं समजा. कुठेच डाग नसेल तर संशय कूलिंग कॉइलवर, आणि ती डॅशबोर्डच्या आत. मग मी रिकाम्या सिस्टिममध्ये नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतो. कॉइलवर फेस लावता येत नाही, तिथे दोन्ही टोकं बंद करून एकटीवर दाब धरून बघायचा. हे न करता डॅशबोर्ड खोलायला निघालेल्या माणसाला थांबवा.

दुसरा मारेकरी म्हणजे पंखा. वाशीमच्या एका सरांची गाडी माझ्याकडे आली होती, वर्षात दोन कॉम्प्रेसर खाऊन. हायवेवर एसी बर्फासारखा, सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा. दाब मोजायचे मीटर लावले. इंजिन चालू, गाडी उभी. हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या बाजूचा, काटा २४० पीएसआयवर (हे दाबाचं माप) आला, तिथून २८०, ३१०, ३४०, चढतच राहिला. पंखा फिरत होता, म्हणूनच आधीच्या कुणाला शंका आली नव्हती. मी बादलीभर पाणी कंडेन्सरवर हळूहळू ओतलं आणि काटा डोळ्यांदेखत २२० पर्यंत उतरला. म्हणजे कंडेन्सर आतून मोकळा होता, त्याला वारा मिळत नव्हता. पंख्याच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते, निम्म्या जोरावरच तो गरगरत होता. मोटर बदलली. त्या गाडीला पाच वर्षं झाली, कॉम्प्रेसर तोच आहे. आधीचे दोन कॉम्प्रेसर एका मोटरपायी गेले, आणि ती मोटर कॉम्प्रेसरच्या तुलनेत काहीच महाग नाही. तो दिवस आठवला की अजून हळहळ वाटते.

तिसरा मारेकरी आधीचा मेलेला कॉम्प्रेसर. तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय ह्याचाच आहे.

मी एकदा जाम झालेला कॉम्प्रेसर नव्या पोरांना शिकवण्यासाठी पूर्ण खोलला. आतलं तेल ताटलीत ओतलं. चांगलं तेल स्वच्छ, फिकट मधासारखं असतं. हे मात्र करडं, आणि ताटली तिरपी केली की त्यात चांदीच्या वर्खासारखी चकाकी फिरायची. बोटांत घेऊन चोळलं तर बारीक रवा लागावा तसं लागत होतं. तो ॲल्युमिनियमचा भुगा. पिस्टनवरचं टेफ्लॉनचं आवरण सोलून निघालेलं, सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा. आता विचार करा, कॉम्प्रेसर घासत चालू होता ते सगळे आठवडे हा भुगा कुठे गेला असेल? बाहेर पडणाऱ्या गॅसबरोबर पुढे, थेट कंडेन्सरमध्ये. आजच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांत एकेक मिलिमीटरच्या आसपासचे बारीक मार्ग असतात. भुगा त्यांत जाऊन रुततो. काही मार्ग बंद पडले की हाय साइडचा दाब वाढतो, आणि जो भुगा रुतत नाही तो ड्रायर, व्हॉल्व्ह, कॉइल असा फिरून नव्या कॉम्प्रेसरच्या पोटात शिरतो. चार महिने हा त्या प्रवासाचा अगदी नेहमीचा हिशेब आहे.

असा कंडेन्सर फ्लश करून, म्हणजे आत द्रव सोडून धुऊन, साफ होतो, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. फ्लशचं द्रव मोकळ्या मार्गांतून निघून जातं आणि बंद पडलेले मार्ग बंदच राहतात. आतून भुगा निघाला असेल तर कंडेन्सर बदलायचा, त्यातच किंवा शेजारी असलेला ड्रायर बदलायचा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलायचा. कूलिंग कॉइल आणि दोन्ही पाइप फ्लश करता येतात, फक्त प्रवाहाच्या उलट दिशेनं करायचे आणि नंतर नायट्रोजननं पूर्ण सुकवायचे. फ्लशचा थेंबही आत राहिला तर तो नव्या तेलाला पातळ करतो. कॉम्प्रेसरमधून मात्र फ्लश कधीच घालायचा नाही. खर्च वाढतो, मला ठाऊक आहे. गिऱ्हाईकाला हा आकडा सांगताना मलाही जड जातं. पण निम्मं काम करून चार महिन्यांनी पुन्हा पूर्ण पैसे घेणं मला कधी जमलं नाही, आणि तुम्हीही तसं करून घेऊ नका.

तुमच्या मार्चच्या बिलावर कॉम्प्रेसर आणि गॅस सोडून आणखी काय लिहिलंय ते बघा. ड्रायर नाही, कंडेन्सर नाही, तेल नाही, असं असेल तर उत्तर तिथेच मिळालं. नव्या कॉम्प्रेसरची वॉरंटी मागायला गेलात तरी पुष्कळ ठिकाणी ड्रायर बदलल्याचं बिल दाखवा असंच म्हणतात.

आता, हा दुसरा खरंच गेलाय का? खरखर म्हणजे कॉम्प्रेसर गेला असं नसतं. सोपी परीक्षा करा. सकाळी गाडी चालू करा, एसी बंद ठेवा, बॉनेट उघडा. एसी बंद असतानाही खरखर येत असेल तर ती पुलीच्या बेअरिंगची, किंवा बेल्टावरच्या दुसऱ्या कुठल्या पुलीची. कारण एसी बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली बेल्टाबरोबर फिरतच असते, फक्त आतला शाफ्ट उभा असतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून मी ऐकतो. सैल कपडे आणि हात बेल्टापासून लांब ठेवून. बेअरिंगचा आवाज सारखा घरघरता येतो. एसी लावला की "टक्" करून कॉम्प्रेसरच्या पुलीवरचा विजेच्या चुंबकाचा क्लच शाफ्टला पकडतो, आणि त्या क्षणापासून खडखड सुरू झाली, ती इंजिनाच्या वेगाबरोबर वाढली, तर दुखणं आत आहे. बेअरिंगचं काम कॉम्प्रेसरच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात आटोपतं, म्हणून हे ऐकल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

दुसरा प्रकार: सकाळी एसी चालतो, दुपारी तापल्यावर क्लच पकडतच नाही, संध्याकाळी पुन्हा चालतो. ह्याही गाड्यांचे कॉम्प्रेसर सर्रास बदलले जातात. क्लचची पुढची प्लेट आणि पुली यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते, बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. क्लचमधली तारेची कॉइल (कूलिंग कॉइल नव्हे) तापली की तिचं चुंबक थोडं कमजोर पडतं आणि वाढलेल्या फटीपलीकडची प्लेट त्याला ओढता येत नाही. फीलर गेज घालून फट मोजायची, प्लेटमागची एक पातळ वायसर काढायची, झालं. कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर तीन ते पाच ओमच्या दरम्यान आला तर कॉइल धड आहे. फ्यूज, रिले आणि उंदरांनी कुरतडलेली वायर ह्या तीन गोष्टी त्याच्याही आधी बघायच्या. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी परीक्षा मीटरची. ३५ अंशांच्या दिवशी, इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून, लो साइड, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसची बाजू, ३० ते ४५ पीएसआय आणि हाय साइड २०० ते २५० मिळाली की मी निर्धास्त होतो. आमच्याकडच्या मे महिन्यात हाय साइड ३०० पर्यंत जाते, तेही चालतं. लो साइड ८० आणि हाय साइड १२० असं दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले दिसले तर कॉम्प्रेसर दाबत नाही. पण इथेही घाई नको. तुमच्या गाडीत कमी-जास्त क्षमतेचा, म्हणजे व्हेरिएबल कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या मागे एक छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. तो अडकला तरी काटे असेच दिसतात, आणि तो सुटा बदलता येतो.

एक गोष्ट मीटर सांगत नाहीत, आणि भल्याभल्यांची तिथे गफलत होते. गाडी बंद असताना दोन्ही काटे सारखे होतात, ३५ अंशांना साधारण ११५ वर. फिटर म्हणतो, "बघा, गॅस फुल्ल आहे." तो दाब फक्त तापमानावर ठरतो. आत १०० ग्रॅम गॅस असो की ४०० ग्रॅम, थोडासा द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत काटा तोच राहतो. किती गॅस आहे हे कळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: सगळा मशीनमध्ये काढून घ्यायचा आणि वजन करायचं.

तर समजा, सगळं बघून कॉम्प्रेसर बदलायचाच ठरला. तो बसवताना तुम्ही शेजारी उभे राहा आणि ह्या गोष्टी बघा.

जुना कॉम्प्रेसर उतरवल्यावर त्यातलं तेल मोजपात्रात ओतून घ्यायचं. किती निघालं आणि कोणत्या रंगाचं, दोन्ही लिहून ठेवायचं. नव्या कॉम्प्रेसरमध्ये पुष्कळदा पूर्ण सिस्टिमपुरतं तेल भरूनच येतं. कॉइल आणि पाइप न धुता तो तसाच बसवला तर सिस्टिममधलं जुनं आणि ह्याच्यातलं नवं मिळून तेल जास्त होतं. जास्त तेलही वाईट. कॉइलच्या आतून थर बसतो, थंडावा कमी होतो, आणि तेल दाबलं जात नसल्यामुळे पिस्टनच्या व्हॉल्व्हवर मार बसतो. सगळं धुऊन, कंडेन्सर बदलून काम केलं असेल तर मात्र पूर्ण मापाचं तेल लागतं. तेलाचा प्रकार कॉम्प्रेसरच्या लेबलवर असतो, पॅग ४६ किंवा पॅग १०० वगैरे. "सगळीकडे एकच चालतं" हे खोटं आहे. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या कॉम्प्रेसरची विजेची मोटर त्याच गॅस-तेलात बुडालेली असते, तिला वेगळंच, वीज न वाहू देणारं तेल लागतं. तिथे पॅगचा अंश गेला तरी इन्सुलेशन बिघडतं. जास्त व्होल्टेजची नारिंगी केबल दिसली की ज्यानं त्याचं शिक्षण घेतलंय त्यानंच हात लावावा.

पॅग तेल हवेतली ओल मिठासारखं शोषतं. म्हणून नव्या कॉम्प्रेसरची, ड्रायरची बुचं शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडे पाइप टांगून फिटर जेवायला गेला, असं मी पाहिलेलं आहे. ती ओल आत जाते, तेलाबरोबर आम्ल तयार होतं आणि आतलं ॲल्युमिनियम खाऊ लागतं. पाइप उघडे ठेवायची वेळ आलीच तर प्लास्टिक लावून रबर बांधायचं. ओ-रिंग, म्हणजे सांध्यातलं रबरी कडं, प्रत्येक सांध्याला नवी, तेलाचं बोट फिरवून बसवलेली. जुनी ओ-रिंग दिसायला चांगली असली तरी चपटी झालेली असते.

मग व्हॅक्यूम. त्याचं काम हवा काढणं आणि ओल उडवणं, दोन्ही. पुरेसं खोल व्हॅक्यूम मिळालं की पाणी वीस-पंचवीस अंशांनाच उकळून वाफ होऊन निघून जातं. पण त्यासाठी चांगला दोन टप्प्यांचा पंप लागतो आणि पाऊण तास लागतो. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर जोडून दहा मिनिटं चालवला की काटा खाली गेलेला दिसतो, ओल मात्र आतच राहते. पंप बंद करून वीस मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. जागचा हलला नाही तरच गॅस.

गॅस वजन करून. बॉनेटखाली स्टिकर असतो, छोट्या गाड्यांना बहुधा ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान आकडा असतो. तेवढाच. "पाइप हाताला गार लागला की बस" ही जुन्या मोठ्या सिस्टिमच्या काळातली रीत, तेव्हा किलोभर गॅस बसायचा आणि शंभर ग्रॅम इकडेतिकडे झालं तरी चालायचं. आज शंभर ग्रॅम म्हणजे पावभाग. जास्त भरला तर दाब चढतो, द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत येण्याचा धोकाही वाढतो, आणि द्रव दाबला जात नाही, काहीतरी तुटतंच. म्हणूनच गॅस भरल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी मी क्लचची पुढची प्लेट हातानं दहा-बारा वेळा फिरवतो. सिलिंडरमध्ये साचलेलं तेल पुढे सरकतं. आधी जराशी गच्च वाटते, मग हळूहळू मोकळी होते, ते हाताला कळतं. नंतर इंजिन आयडलवर ठेवून, काचा उघड्या, ब्लोअर पूर्ण, एसी थोडा वेळ लावून बंद, पुन्हा लावून बंद, असं चार-पाच वेळा. पहिल्याच दिवशी हायवेला तिसऱ्या गिअरमध्ये रेस करून "कूलिंग बघतो" म्हणणाऱ्याला थांबवा.

खुद्द गॅसबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तुमच्या गाडीत आर-१३४ए आहे. बाजारात स्वस्त डबे मिळतात, त्यांत कधी आर-२२ हा दुसराच गॅस, कधी चक्क स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वलनशील गॅस मिसळलेला असतो. ३० अंशांना शुद्ध आर-१३४ए चा डबा ९७ पीएसआयच्या आसपास दाखवतो. दोन तास सावलीत ठेवून मीटर लावला आणि काटा १३०-१४० वर गेला तर तो डबा मी परत करतो. पण दाब जुळला म्हणून गॅस शुद्ध असं नाही. काही ठिकाणी मिथाइल क्लोराइड घालून दाब बरोबर जुळवलेली भेसळ केली गेली आहे, आणि ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेत भडकणारं रसायन तयार करतं. २०११ मध्ये अशाच भेसळीच्या गॅसमुळे जहाजावरच्या थंडगार कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटले आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये मिळून तिघे कामगार मेले. ते आपल्यासारखेच हातानं काम करणारे लोक होते. म्हणून सील असलेला, नाव असलेला, बिलाचा गॅस घ्या. आणि जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. आर-१३४ए हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट भारी मानला जातो. तुमच्या गाडीतले ४०० ग्रॅम सोडणं म्हणजे पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. ज्याच्याकडे गॅस काढून घेणारं मशीन आहे त्याच्याकडे जा, तिथे वजनाचा काटाही असतोच.

गळती बंद करणारं औषध म्हणून जी बाटली मिळते ती कुणालाही घालू देऊ नका. ती हवेच्या आणि ओलीच्या संपर्कात घट्ट होते, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बंद करते, आणि पुढच्या गॅरेजचं मशीनही.

आता तुमचा पहिला प्रश्न. कंपनीचा, म्हणजे गाडीला मुळात ज्यानं पुरवला त्या उत्पादकाचा नवा, हे माझं पहिलं मत. तोच कॉम्प्रेसर गाडीच्या कंपनीच्या खोक्यात महाग आणि उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यात थोडा स्वस्त मिळतो, नंबर जुळवून घ्या. बिननावाच्या खोक्यातला नको. रिपेअर केलेल्याला मी सरसकट नाही म्हणत नाही. शाफ्ट सील गळत होतं, बेअरिंग गेलं होतं, क्लच जळाला होता, अशा कॉम्प्रेसरला किट टाकून मी वर्षानुवर्षं चाललेले पाहिलेत. पण जाम होऊन सिलिंडरला रेघा पडल्या असतील तर त्याला रिपेअर म्हणत नाहीत, नुसती सफाई म्हणतात. भंगारातून काढलेला घ्यायचा तर दोन्ही तोंडं बुच लावून बंद केलेली हवीत. महिनाभर उघड्या तोंडानं पत्र्याखाली पडलेला कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी मी बसवत नाही.

बसवल्यानंतरची निगा मालकाच्या हातात असते. थंडीत आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटं एसी चालवा. शाफ्ट सीलला तेल लागत राहिलं तरच ते ओलसर राहतं, चार महिने बंद ठेवलं की सुकतं आणि मार्चमध्ये पहिल्याच दिवशी गळतं. पावसात काचेवरची वाफ घालवायला एसी लागतोच, तेव्हा ते आपोआप होतं. उन्हात तापलेल्या गाडीत बसलात तर आधी काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या. एसी लावताना गाडी आयडलवर असू द्या.

कंडेन्सर धुवायचा तो नळाच्या साध्या धारेनं. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला की पातळ पात्या आडव्या पडतात आणि वारा बंद होतो. आमच्या भागात कापसाचा हंगाम संपला की कंडेन्सरवर तंतू आणि धुळीचा फेल्ट तयार होतो, बाहेरून दिसत नाही, रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत बघावं लागतं. बंपरच्या जाळीपुढे जाडजूड गार्ड किंवा लाइटची पट्टी लावली असेल तर काढा. केबिन फिल्टर कचऱ्यानं भरला की कॉइलवरून वारा जात नाही, ती गोठते, आणि गॅस पूर्ण न उकळता द्रव होऊनच कॉम्प्रेसरकडे परततो. फिल्टर काढून झटकायला पाच मिनिटं लागतात. पंख्याची तपासणीही घरीच होते: एसी लावा, बॉनेट उघडा, पंखा जोरात सुरू व्हायला हवा. पुढून जाळीवर कागद धरा, तो आत ओढून चिकटून राहिला पाहिजे.

तर भाऊ, ह्या आठवड्यात एवढं करा. तोवर एसी लावू नका. आत घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला नवा भुगा पुढे जातोय. सकाळी एसी बंद ठेवून आवाज ऐका. मग मशीन असलेल्या गॅरेजात गॅस काढून वजन करायला सांगा, किती ग्रॅम निघाला ते लिहून घ्या. त्यानंतर कंडेन्सरचा वरचा पाइप सोडवून पांढऱ्या फडक्यावर आतलं तेल टिपायला लावा आणि ते फडकं उन्हात धरून बघा. फिकट आणि स्वच्छ असेल तर बेअरिंग, क्लच, व्हॉल्व्ह इथवरच काम थांबण्याची आशा आहे. करडं, चकाकणारं असेल तर कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर असं चौघांचं मिळून एकच एस्टिमेट मागा. गॅसचं वजन आणि फडक्याचा फोटो मला पाठवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.